२२ डिसेंबरला टॅक्सी सोडून दुसरं काहीतरी छापा की

मा. संपादक, स.न.

दरवर्षी २२ डिसेंबर आला की रामानुजनचा फोटो, शेजारी हार्डीच्या गोष्टीतली १७२९ नंबरची टॅक्सी (दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सगळ्यात लहान संख्या), झाला गणित दिन साजरा. यंदा जरा वेगळं छापा की राव.

आमच्या घरी सहावीचं लसावि-मसावि चालूये. मुलीने वहीच्या मार्जिनमध्ये प्रत्येक संख्येपुढे तिचे मूळ अवयव किती पडतात ते लिहीत आणलं, म्हणजे १२ चे २×२×३ म्हणून ३, १३ स्वतःच मूळ म्हणून १, १६ ला ४ असं करत शंभरपर्यंत (मार्जिन खराब केलं म्हणून शाळेत लाल काट बसली, ते जाऊ दे). मग मार्जिनमधल्या या आकड्यांत विषम किती आणि सम किती ते तिने मोजलं. १ ला अवयवच नाही, शून्य, म्हणून तो समवाल्यांत. दहापर्यंत ५-५ बरोबरी, शंभरपर्यंत विषम ५१ आणि सम ४९, आणि २ पासून पुढे विषमवाले एकदाही मागे पडले नाहीत!

मला वाटलं पोरीने शोध लावला, तर हेच पोल्या नावाच्या हंगेरियन गणितज्ञाने १९१९ मध्ये म्हणून ठेवलंय, की विषमवाले कधीच मागे पडणार नाहीत. चाळीसेक वर्षं कुणाला खोडता आलं नाही. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह या गणितज्ञाने दाखवलं की कुठेतरी हे मोडतं, पण नेमकं कुठे ते त्याला सापडलं नव्हतं, आणि हे मोडणारी सगळ्यात लहान संख्या १९८० मध्ये तानाकाने दाखवली, ९०,६१,५०,२५७. म्हणजे नव्वद कोटींपर्यंत बरोबर आणि तरी चूक! मी हे दोनदा वाचलं.

आणि रामानुजनला सोडा असं म्हणत नाहीये मी, उलट हा त्याचाच विषय. हार्डी या इंग्रज गणितज्ञाबरोबर त्याने १९१७ मध्येच दाखवलं होतं की संख्या कितीही मोठ्या झाल्या तरी बहुतेकांचे मूळ अवयव फार वाढत नाहीत, कोटीच्या घरात गेलात तरी तीनेकच. तुमच्या त्या टॅक्सीचेही तीनच, ७×१३×१९.

तर सुडोकूशेजारी बोटभर जागा द्या आणि कोडं घाला: ३३, ३४, ३५ या तिन्हींचे दोन-दोनच मूळ अवयव, मग अशा सलग चार संख्या का सापडत नाहीत? उत्तर दुसऱ्या दिवशी नक्की छापा, मुलगी मला सांगत नाहीये.

– एक वाचक, चिंचवड