बाबांच्या व्हिडिओंना उत्तर

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, तुम्ही पाठवलेले ख्रिस्ती प्रचारकांचे व्हिडिओ पाहिले. सगळे नाही, पण बरेच. परवा फोनवर तुम्ही विचारलंत की हल्लीचे प्रचारक तुला का पटत नाहीत, आणि मी "नंतर बोलू" म्हणून विषय टाळला. दादाकडे मागे टीव्ही चालू असला की आपलं निम्मं बोलणं "काय? काय म्हणालीस?" यातच जातं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. आई, तूही वाच, कारण अर्धं तुझ्यासाठी आहे.

त्या प्रचारकांना ओघ आहे, वचनं तोंडपाठ आहेत, आवाजात जरब आहे, हे मला मान्यच आहे. मला खुपतं ते वेगळं. तासाभराच्या बोलण्यात त्यांनी कुणाचं काही ऐकलं असेल, असं कुठंच जाणवत नाही. समोर एवढी माणसं, आणि सगळ्यांना एकच औषध: विश्वास वाढवा, बीज पेरा, आशीर्वाद घ्या. बीज कुठं पेरायचं, तर पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड.

आता आपले जुने पाळकसाहेब आठवा. सायकलवरून मोहननगर, सदर, कडबी चौक करत गुरुवार-शुक्रवार घरोघरी फिरायचे. आपल्याकडे आले की सरळ स्वयंपाकघरात पाटावर बसायचे आणि आईला आधी विचारायचे, "बोला, आठवडा कसा गेला?" मग चहा थंड होईपर्यंत ऐकत राहायचे. मला लहानपणी वाटायचं, यांना दुसरं काम नाही काय! रविवारी संदेशात आपल्याच घरातली एखादी गोष्ट यायची, पण नाव नाही, खूण नाही. आई तेवढी पदर सावरून समोर बघत बसायची.

एम्प्रेस मिल बंद पडली ते २००२ साल तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा हिस्लॉप कॉलेजमध्ये शिकत होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती कापडाची मिल, तिच्या भोंग्यावर घड्याळं लावणारी पिढी अजून होती. आपल्या मंडळीतलीही काही घरं त्या पगारावर चालायची. त्या दिवसांत पाळकसाहेबांनी बायबलातल्या मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला घेतला: मालक दिवसभर मजूर घेत राहतो आणि उशिरा आलेल्यांनाही सकाळच्यांइतकीच मजुरी देतो, ती गोष्ट. तो दाखला मी संडे स्कूलपासून ऐकत आले होते, आणि दर वेळी तो देवाच्या उदारपणावर यायचा, नाहीतर सकाळपासून राबलेल्यांच्या कुरकुरीवर. पाळकसाहेब मात्र संध्याकाळी पाच वाजता बाजारात उभ्या असलेल्या माणसांपाशीच थांबले. म्हणाले, आपल्याकडच्या मजुरांच्या ठिय्यावर जाऊन बघा. सकाळी सातला तिथं गर्दी असते. पाचला जो अजून उभा आहे, तो आळशी आहे काय? घरी रिकाम्या हातानं जायची लाज वाटते म्हणून तो उभा आहे. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? आणि ते सांगतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. पाळकसाहेबांचं म्हणणं एवढंच होतं की मालकानं आधी हे उत्तर ऐकून घेतलं, आणि मगच त्यांना मळ्यात पाठवलं. पूर्ण मजुरी मिळाली ती पुढची गोष्ट.

नोकरी परत मिळेल असं त्यांनी म्हटलं नाही. म्हणाले असते तर खोटंच ठरलं असतं. बाहेर आल्यावर मिलमधल्या एका काकांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "साहेब, आज तुम्ही आमच्याकून बोलले." बाबा, तुम्ही शेजारीच उभे होतात.

माझ्या कॉलेजला ज्याचं नाव आहे तो स्टीफन हिस्लॉप मला म्हणूनच जवळचा वाटतो. १८४५ साली तो नागपुरात आला तो सुवार्ता सांगायला. पण आला आणि इथं ऐकतच बसला! मराठी शिकला, गोंड वस्त्यांत गेला, गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचं गीत गोंडीतून उतरवून घेतलं. इथले दगड फोडून त्यांतले जीवाश्मही वाचले. १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेला, शेहेचाळिशीही पुरी झाली नव्हती. त्याची टिपणं पुढं १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलनं छापली. बाटवायला आलेला साहेब एवढ्यावरच त्याला सोडून देणारे लोक आहेत, आणि वसाहतीचा काळ होता हेही खरंच. तरी ज्याला समोरच्याची गाणी ऐकावीशी वाटतात, त्याच्या प्रवचनात उर्मटपणा कमी असणार, असं मला वाटतं.

कवी नारायण वामन टिळकांचंही तसंच. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या गोऱ्या माणसाशी त्यांचं बोलणं निघालं ते काव्यावरून. नवा करार हातात पडला तो त्यानंतर. पुढं दोन वर्षांत बाप्तिस्मा. आणि प्रचार करायला लागल्यावर त्यांनी घेतलं काय? अभंग आणि कीर्तन, म्हणजे लोकांच्या कानांना जे सवयीचं होतं तेच. आई, तुला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई प्रिय, मला माहीत आहे. नवऱ्याचं प्रवचन ऐकून त्या हलल्या नाहीत. त्या ख्रिस्ताकडे आल्या त्यांच्या वेळेला, त्यांच्याच पायांनी.

बाबा, तुम्ही म्हणाल, हे प्रचारक आजार बरे करतो म्हणतात, तर येशूनंही आजारी बरे केलेच ना? केले. पण मार्क १० मधल्या आंधळ्या बार्तीमयाला आठवा. लोक त्याला गप्प बस म्हणत होते. येशू थांबला आणि त्यानं विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळा माणूस समोर उभा, तरी विचारलं. तुमच्या व्हिडिओतले प्रचारक हा प्रश्नच गाळतात. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, आणि आईचा गुडघा बरा झाला नाही तर दोषही आईच्याच विश्वासाला लागणार. मला राग येतो तो याचा. तुमच्या भक्तीचा नाही.

आणि एक. सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती इथंच, २९ नोव्हेंबर १९७० ला. तुम्ही तेव्हा विशीत, कॅथेड्रलच्या आवारातल्या गर्दीत उभे होतात, हे तुम्ही कितीदा सांगितलंय. वेगवेगळ्या रीतींची माणसं एका आवारात आली म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांचं ऐकून घेतलं असणार. त्यात भांडणंही झाली असतील. तो किस्सा पुन्हा ऐकायचाय, या वेळी भांडणांसकट.

कारण सांगते. महिला रविवारी मला संदेश द्यायला सांगितलंय. मी द्राक्षमळाच घेतेय. पाळकसाहेबांसारखं जमणार नाही, पण या आठवड्यात आपल्या ओळीतल्या चार घरी जाऊन आलेय. एकीनं नुसतं पाणी पाजून परत पाठवलं, दुसरीनं तर्री-पोहे खाऊ घातले आणि सुनेबद्दल दीड तास सांगितलं.

बाबा, तुमच्या संदेशांच्या वहीतलं पाळकसाहेबांच्या द्राक्षमळ्याच्या संदेशाचं पान हवंय. फोटो दादाला काढायला सांगा. तुम्ही काढलात तर मागच्यासारखा अर्धा अंगठाच येईल. आई, गुडघ्याला डॉक्टरांनी दिलेली पट्टी बांध, आणि त्या प्रार्थना केलेल्या तेलाचे पैसे अजून पाठवले नसतील तर पाठवू नकोस. पाठवले असतील तर मला बाबांच्या नकळत सांग.

तुमची लेक
नागपूर