लातूरवाल्या, तुझे आभार राहून गेले

लातूरवाल्यास सप्रेम नमस्कार.

तिसऱ्या मजल्यावर तुम्ही सहा जण कॉट बेसिसवर राहत होतात आणि इमारतीत तुमची ओळख एवढीच होती: लातूरवाला, बीडवाला, चष्मेवाला, रात्री फोनवर बोलणारा. नोव्हेंबरात तू खोली सोडलीस तेव्हा मी दिवाळी अंकाच्या वसुलीसाठी गावभर फिरत होतो. परत आलो तर तुझ्या कॉटवर दुसराच कोणी झोपलेला. तुझा नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. नारायण पेठेतल्या कुठल्यातरी अभ्यासिकेतून ते तुझ्यापर्यंत पोचेलच.

आधी एक कबुली. जिन्याखाली ‘येथे दुचाकी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी माझी. हवाही मीच सोडली होती, दोनदा, आणि दोन्ही वेळा तुझ्याच गाडीची. तुला ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. माहीत असूनही तू त्या दिवशी थांबला असशील तर मला जास्तच लाज वाटेल.

नवरात्रातली चौथी माळ होती. अंकाची 192 पानं, त्यातली 140 लागून झालेली, आणि छपाईला शनिवारी द्यायची. आदल्या रात्री पडद्याच्या कोपऱ्यात डिस्प्लेचा नवा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, टाकू का, असं विचारणारी चौकट आली आणि मी झोपेत ‘हो’ म्हणून मोकळा झालो. सकाळी बटण दाबलं. विंडोजचा लोगो आला, त्याखाली ठिपके गोल गोल फिरले आणि पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा काळा.

मी 1996 पासून डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम करतो. तेव्हा विंडोज 95 सुरू होताना काळ्या पडद्यावर एक ओळ यायची, तेवढ्यात एफ-8 दाबलं की सेफ मोड मिळायचा, म्हणजे विंडोज अगदी लागतं तेवढ्यावरच सुरू व्हायचं. तेवढ्या भांडवलावर मी तासभर एफ-8 बडवत बसलो. काहीही होईना. शेवटी सीपीयू स्कूटरवर पायांत धरून तापकीर गल्लीत नेला. एका दुकानात झाकण काढलं, फुंकर मारली आणि निकाल दिला: ‘हार्डडिस्क गेलीय, फॉरमॅट मारावा लागेल, साडेतीन हजार.’ डेटाचं काय, विचारलं तर म्हणे, ‘ते सांगता येत नाही.’ मी सीपीयू उचलून तसाच परत आणला.

दम लागला म्हणून तो जिन्याच्या पायरीवर ठेवला होता आणि तू पाण्याचा रिकामा जार घेऊन खाली येत होतास. ‘काका, काय झालं?’ मी चिडूनच सांगितलं. तू एकच विचारलंस, ‘ठिपके फिरतात का?’ फिरतात म्हटल्यावर जार तिथेच ठेवलास. ‘मग डिस्कवरून वाचतंय ते. डिस्क गेली असती तर इथवर आलंच नसतं.’ साडेतीन हजारांचं निदान एका वाक्यात पुसलंस, आणि तेही झाकण न उघडता.

पुढचं मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखे एफ-8वाले अजून बरेच असतील. विंडोज 8 आलं 2012 मध्ये, तेव्हापासून मशीन इतक्या झटकन सुरू होतं की एफ-8 ची वाट बघणंच मायक्रोसॉफ्टने बंद केलं. तू म्हणालास, ‘चालू होत असतं तर शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं असतं. तुमचं होत नाही, तर दुसरी वाट.’ ठिपके दिसले की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा. बटण दाबून बंद करायचं नाही हा माझा तीस वर्षांचा नेम. माझा हात थरथरला. तू दाबलं नाहीस, मलाच दाबायला लावलंस. तिसऱ्या खेपेला ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ अशी ओळ आली आणि मग निळा पडदा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग आकड्यांची यादी. त्यातला 4.

काळा पडदा, चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’, आणि मधोमध माझ्या फायली, बटाट्याएवढ्या आयकॉनांच्या. मी आनंदाने लगेच प्रिंट द्यायला गेलो. तू हसलास. ‘काका, यात प्रिंट नाही, आवाज नाही, इंटरनेट नाही. इंटरनेट पाहिजे असतं तर 5 दाबलं असतं. अगदी लागतं तेवढंच चालू आहे.’ आणि दुरुस्तीला हात लावायच्या आधी मला पेन ड्राइव्ह आणायला पाठवलंस. 140 पानं तिच्यात उतरेपर्यंत तू दुसरं काही करू दिलं नाहीस. खरं सांगू, त्या तासातलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं.

मग डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, ड्रायव्हर, रोल बॅक. जुना ड्रायव्हर परत आला. रीस्टार्ट केलं, आणि या वेळी ठिपके थांबल्यावर माझा नेहमीचा, नातवाच्या फोटोचा पडदा आला.

चहा पिताना तू सांगितलंस की नवा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये चढतच नाही, म्हणून तिथे पडदा दिसला; सेफ मोडमध्ये चालतं आणि एरवी चालत नाही, म्हणजे दोष विंडोजच्या गाभ्यात नाही, वरून टाकलेल्या कशात तरी आहे. हे मला झटकन कळलं. पानं लावायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्रॅमची फाईल प्रिंट होईना तेव्हा आम्ही हेच करायचो: अर्धी पानं काढून बघायची, प्रिंट झाली तर दोष काढलेल्या अर्ध्यात. असं करत करत एका पानावर यायचं, आणि त्या पानावर हटकून कुणाचा तरी भला मोठा फोटो असायचा. मी हे सांगितलं तर तू म्हणालास, ‘मग तुम्हाला येतच होतं की.’ पोरा, येत नव्हतं. पण बरं वाटलं.

जाता जाता तू कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप केलीस आणि माझं एफ-8 परत आणून दिलंस. ती ओळ माझ्या वहीत तुझ्याच अक्षरात आहे. पैसे विचारले तर जार उचलून निघालास, आणि तो भरून आणायला माझ्यामुळे उशीर झाला म्हणून वर बीडवाल्याच्या शिव्या खाल्ल्यास, त्या मला खाली ऐकू आल्या.

अंक वेळेवर निघाला. तुझी प्रत टेबलाच्या खणात आहे, येशील तेव्हा ने. पाटी मात्र काढलेली नाही. तिच्याखाली खडूने एक ओळ वाढवली आहे: ‘लातूरवाल्यास लागू नाही.’

तुझा,
तळमजल्यावरचा डीटीपीवाला काका