गार्ड किती आहेत ते नको, शेवटी कोण खेळतो ते सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या संघांचा लेखाजोखा मांडताना आपल्या क्रीडा पानावर एक वाक्य हमखास असते: ‘गार्डच्या जागी संघाकडे भरपूर पर्याय आहेत.’ (गार्ड म्हणजे चेंडू खेळवणारे, बहुधा संघातले कमी उंचीचे खेळाडू.) त्याखाली पाच-सहा नावे, प्रत्येकापुढे सामन्यामागची गुणांची सरासरी आणि शेजारी सुरुवातीच्या पाच जणांचे छायाचित्र. एवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्या वाचकाची फसगत ठरलेली. गार्डची फळी भक्कम आहे की नुसती खोगीरभरती, हे सामना अटीतटीला आल्यावरच कळते. शेवटची पाच मिनिटे किंवा जादा वेळ, आणि दोन संघांत पाच गुणांपेक्षा जास्त फरक नाही, अशा खेळाला एनबीए ‘क्लच’ म्हणते. त्या वेळी प्रशिक्षक कोणाला मैदानात ठेवतो आणि कोणाला बाकावर बसवतो, हे आपल्या पानावर क्वचितच येते.

२०२५ ची थंडर विरुद्ध पेसर्स ही अंतिम मालिकाच घ्या. ओक्लाहोमा सिटी थंडरने नियमित हंगामात ६८ सामने जिंकले होते. गार्ड म्हणाल तर शे गिल्जस-अलेक्झांडर, लू डॉर्ट, केसन वॉलेस, ॲलेक्स करूसो, आयझाया जो, ॲरन विगिन्स. सरासरीच्या तक्त्यात विगिन्स १२ गुणांवर, आयझाया जो दहाच्या आसपास आणि करूसो जेमतेम सातवर. तक्ता पाहणारा करूसोला या यादीत खालीच टाकणार. पण मालिकेत निकराच्या वेळी मैदानावर होता तो करूसो, आणि आयझाया जो बहुतेक वेळ बाकावर.

याचे कारण सरासरीत सापडत नाही. शेवटच्या मिनिटांत प्रतिस्पर्धी तुमचा सर्वांत कच्चा बचावपटू हेरतो. तो ज्याला अडवत असेल त्यालाच स्क्रीन लावायला (बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहायला) बोलावतो, म्हणजे अदलाबदल होऊन तो कच्चा गडी थेट त्यांच्या सर्वांत धोकादायक खेळाडूसमोर येतो. लांबून नेम धरणारा गार्ड कितीही चांगला असला, तरी दर वेळी त्याच्या डोक्यावरून बास्केट होऊ लागली तर प्रशिक्षक त्याला ठेवणार कसा? दुसरे, चेंडू एकच असतो. तो गिल्जस-अलेक्झांडरच्या हातात राहणार हे ठरलेले असताना शेजारी दोन असे गार्ड लागतात, ज्यांना चेंडूची हाव नाही आणि समोरच्याला श्वास घेऊ देत नाहीत. डॉर्ट आणि करूसो नेमके तसे.

चौथ्या सामन्याचा शेवट मुद्दाम पुन्हा पाहावा. इंडियाना पेसर्स १०३-९९ असे पुढे, सुमारे सव्वातीन मिनिटे बाकी, आणि मालिकेतही त्यांचीच २-१ आघाडी. तिथून थंडरने १२ गुण केले आणि पेसर्सना एकच करू दिला. गिल्जस-अलेक्झांडरच्या ३५ पैकी १५ गुण शेवटच्या पाच मिनिटांतले. त्याची वाहवा झाली आणि ती रास्तच. पण पेसर्सना तो एकच गुण मिळू देणाऱ्या बचावाचे काय? त्या सामन्यात राखीव म्हणून उतरलेल्या करूसोने २० गुण आणि पाच स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) केले, हे किती बातम्यांत आले?

थंडरचे प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांचे सगळेच डाव बरोबर पडले असे मी म्हणत नाही. पहिल्या सामन्यात त्यांनी उंचापुऱ्या हार्टेनस्टाइनला बसवून वॉलेसला सुरुवातीला उतरवले. गार्ड वाढले, तसे पेसर्सचे टर्नओव्हरही (चेंडू गमावणे) झाले, पहिल्या दोन क्वार्टरमध्येच १९. पण रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा चेंडू मिळवण्यात, थंडर ३९ विरुद्ध ५६ असे मागे पडले. सामना शेवटी पेसर्सचा अव्वल गार्ड टायरीस हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना मारलेल्या फटक्यावर १११-११० असा गेला. त्याला अडवत होता वॉलेसच, आणि त्याचा बचाव वाईट नव्हता. माझ्या मते तो सामना हरला तो रिबाउंडपायी. चौथ्या सामन्यात हार्टेनस्टाइन सुरुवातीच्या पाचांत परतला, हे उगाच नव्हे. गार्ड कितीही असले तरी सगळे एकदम उतरवण्यात शहाणपण नसते.

शेवटचे पाच हेच सर्वस्व मानले, तर मात्र पेसर्सच्या टी. जे. मॅकॉनेलवर अन्याय होईल. सहा फूट एक इंचाचा हा गडी एरवी शेवटच्या मिनिटांसाठी पहिली पसंती नव्हता. पण तिसऱ्या सामन्यात बाकावरून येऊन त्याने १० गुण, पाच असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि पाच स्टील अशी कामगिरी केली, जी अंतिम मालिकेत कोणाही राखीव खेळाडूने आधी केली नव्हती. सातव्या सामन्यात हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये जखमी होऊन गेला, तरी मध्यंतराला पेसर्स ४८-४७ असे पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी केलेल्या २० पैकी १२ गुण एकट्या मॅकॉनेलचे. त्याच क्वार्टरमध्ये थंडरने ३४ केले आणि पुढे १०३-९१ असा सामना व विजेतेपद जिंकले. पर्यायी गार्ड पंधरा-वीस मिनिटे संघ सावरून धरू शकतो. अव्वल गार्डची जागा तो सामनाभर भरून काढेल ही अपेक्षा वेगळी, आणि मला वाटते अवाजवी. आपल्या पानावर या दोन गोष्टी एकाच शब्दात, ‘पर्याय’ म्हणून, खपून जातात.

थंडरच्याच बाबतीत आणखी एक नोंद. त्याच वर्षी अंतिम मालिकेआधी डेन्व्हर नगेट्सविरुद्धच्या मालिकेतील सातव्या सामन्यात सहा फूट पाच इंचांच्या करूसोला नगेट्सच्या सहा फूट अकरा इंचांच्या निकोला योकिचवर सोडले गेले. चेंडू योकिचपर्यंत पोचूच नये म्हणून तो त्याला पुढून चिकटत होता. थंडरने तो सामना १२५-९३ जिंकला. याला गार्ड म्हणायचे की आणखी काही, ते आपल्या तक्ता बनवणाऱ्यांनी ठरवावे!

विनंती एवढीच, की नव्या हंगामाच्या पुरवणीत प्रत्येक संघापुढे सुरुवातीच्या पाचांखाली शेवटचे पाचही द्यावेत, आणि त्यातल्या एखाद्या गार्डला सहावा फाउल लागून बाहेर जावे लागले तर त्याच्या जागी कोण उतरेल, तेही. रोजच्या निकालाखाली तर एक ओळ पुरे: पाच मिनिटे उरली असताना मैदानावर कोण होते. जागा कमी पडत असेल तर गुणांच्या सरासरीचा रकाना खुशाल गाळा.

आपला,
क्रीडा पानाचा एक नियमित वाचक