टाइम ऑफिसात बसलेल्या लेकीस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. साहेब म्हणतात, ठेकेदाराच्या माणसांचे जादा तास रजिस्टरात चढवायचे नाहीत, ‘नंतर ॲडजस्ट करू’. आणि हातावर ॲसिड उडालं त्या मुलाचं नाव अपघाताच्या वहीत घ्यायचं नाही, ड्रेसिंग करून घरी पाठवलं की झालं. तेव्हा घरात माणसं होती, मला मोकळं बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिते.

आपल्या घरात हजेरी लिहिणाऱ्या खुर्चीत बसलेली तू पहिली. तुझे आजोबा परळच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे साच्यावर, म्हणजे मागावर, कायम झाले. मी काजूच्या कारखान्यात बसले. आम्ही दोघंही त्या वहीच्या अलीकडच्या बाजूचे, त्यामुळे वहीत काय लिहिलं जातं याचा घरच्या चुलीशी काय संबंध असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तू लहान होतीस, तरी माझे हात तुला आठवत असतील. बी फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी भाजते, सोलून निघते. आम्ही राख लावायचो, कधी खोबरेल. हातमोजे घातले तर बी हाताला कळत नाही, गर मोडतो, आणि अख्ख्या गराचा दर वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा त्याहून कमी. म्हणजे हात वाचवला की मजुरी जायची. संध्याकाळी काट्यावर वजन व्हायचं. काट्याचं तोंड मुकादमाकडे, आम्हाला दिसायचा फक्त त्याचा चेहरा. आमच्यातली एक वयस्क बाई रोज घरी जाण्याआधी आपलं वजन मुलाच्या जुन्या वहीत लिहून ठेवायची. आठवड्याचा हिशेब झाला तेव्हा तिची वही आणि त्यांची वही जुळेना. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या काट्यापाशी उभ्या राहिलो. घोषणा नाही, भांडण नाही. काटा आमच्याकडे फिरवा, मग वजन करा, एवढंच. दुपारपर्यंत काम बंद राहिलं आणि काटा फिरला. दर वाढला नाही, पण वजन पुरं मिळायला लागलं.

तेव्हापासून वाचनालयातून जे जे मिळेल ते वाचत गेले, आणि मला सगळीकडे हाच काटा दिसायला लागला. १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांना जमवलं आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारच्या कमिशनकडे दिलं. मागण्या बघ: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. कामगार पगार किती याच्याआधी पगार कधी, काम किती वेळ, हे विचारत होते. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. पगार वेळेवर द्यायचा आणि मनाला येईल तसा कापायचा नाही, हा कायदा व्हायला १९३६ साल लागलं. बावन्न वर्षं, सायली! सह्या करणाऱ्यांतले किती जण तो पगार बघायला उरले असतील?

शेतावरही तेच. खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार, पीक आपल्या हिशेबानं घ्यायचा, वर वेठ, म्हणजे फुकटची राबणूक. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये जमीन कसणंच थांबवलं आणि १९३९ पर्यंत धरून बसले. लाकूडफाटा विकून जगले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, आणि १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. वर डहाणू-तलासरीकडे वारल्यांनी १९४५ मध्ये वेठ झुगारली, आणि ५०० पौंड गवत कापण्याचा दर ठरवून मागितला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. गवताचा भाव ठरवा म्हणाले, त्याची ही किंमत!

आजोबांचा संप तुला माहीत आहे, मुंबईच्या गिरण्यांचा, १८ जानेवारी १९८२ चा. अडीच लाख माणसं बाहेर पडली, बहुतेकांना परत गिरणीचं दार दिसलं नाही. मनीऑर्डर यायची बंद झाली आणि आपल्या वाडीतल्या बायकांनी मिळेल त्या मजुरीवर घरं ओढली. हरलो, हे मी खोटं सांगणार नाही. पण आजोबांचा भविष्यनिर्वाह निधी बऱ्याच वर्षांनी मिळाला तो कशाच्या जोरावर? त्यांची जुनी हजेरी कार्डं आजीनं पत्र्याच्या ट्रंकेत जपली होती, आणि कोणा कारकुनानं त्यांवर खरे दिवस लिहिले होते. त्या कारकुनाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याचे ४८ तास आणि जादा तासाला दुप्पट मजुरी आली. भोपाळच्या विषारी वायूनं हजारो मेली तेव्हा कुठे १९८७ मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती झाली, की समोर धोका दिसला तर कामगार तसं सांगू शकतो आणि व्यवस्थापनानं लगेच उपाय करायचा. तो ॲसिड उडालेला मुलगा वहीत आलाच नाही, तर तो नळ, तो वॉल्व्ह कोण दुरुस्त करेल? उद्या तिथेच दुसरा उभा राहील.

तुझी नोकरी नवी आहे, घरभाडं आहे, मला कळतं. साहेबांशी वाद घालू नकोस. जादा तास कसे चढवायचे ते ईमेलवर विचार, आणि उत्तराची प्रत स्वतःजवळ ठेव. त्या मुलाची नोंद मात्र आजच्या तारखेनं कर. उशिरानं केली असं त्यातच लिहून टाक. कोणी खोडायला सांगितलं तर तेही लेखी माग. त्यातून नोकरी गेलीच तर इकडे ये, दोन महिने काढू, दुसरी बघू.

चतुर्थीला किती दिवसांची रजा मिळते ते आधी कळव, म्हणजे गाडीचं रिझर्व्हेशन काढता येईल. पार्सलात कोकम आणि कुळीथपीठ घातलंय.

तुझी,
आई