केनियाहून परतलेल्यांसाठी उपकारस्तुती: येत्या रविवारी

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

किसुमूला सेवेसाठी गेलेली आपली सहाही माणसं सुखरूप घरी आली. देवाचे उपकार! येत्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी थांबावं. पौल आणि बर्णबा यांनीही परतल्यावर अंत्युखियात मंडळी जमवून देवाने काय काय केलं ते सांगितलं होतं (प्रेषितांची कृत्ये 14:27).

सुखरूप परतणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे सुवार्ता आणणारे अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले. मायदेशी परत गेलेच नाहीत.

साक्षी ऐकायला मुलांनाही आणा. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या घरांत आपल्या लोकांना किती मायेने उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) वाढली, ते त्यांच्याच तोंडून ऐका. नंतर प्रीतिभोजन, भाकरी घरून आणावी.