थीम भिंतीवर, ओल भिंतीत

संपादक महोदय,

ठरावीक थीमच्या स्वस्त हॉटेलांच्या साखळ्या मोठी शहरे सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी पाय पसरत आहेत. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या लॉजमालकांनाही आपली जुनी इमारत त्यात द्यावी असे वाटणे साहजिक आहे. अजिंठा जळगावहून साधारण 60 किलोमीटर. शिवाय केळी आणि सोन्याच्या व्यापाराला येणारी माणसे आहेतच. पण साखळीचा आराखडा सगळ्या गावांना एकच असतो आणि खान्देशातला मे महिना त्यात धरलेला नसतो.

सर्वांत महाग चूक दर्शनी भागात होते. थीमसाठी एसीपीचे (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकचे) पत्रे किंवा जाळी ठोकून एसीची बाहेरची युनिटे झाकतात. बाहेर 44-45 अंश असताना युनिटने फेकलेली गरम हवा जाळीमागेच कोंडते, युनिट तीच परत ओढते, प्रेशर चढते आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो, तोही ऐन दुपारी. युनिटसमोर मोकळी जागा हवीच. झाकायचेच असेल तर युनिटे गच्चीवर न्यावीत. पाइप लांबतो, त्या हिशेबाने गॅस जास्त भरावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या खोलीला 1 टनाचा एसी पुरत नाही. तिथे दीड टनाचा घ्यावा, आणि त्याआधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक थर द्यावा.

थ्रीडी वॉलपेपर न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर लावूच नये. आत ओल धरते, मागे काळी बुरशी येते आणि खोलीला कुबट वास सुटतो. आधी न्हाणीघरात 48 तास पाणी तुंबवून गळती तपासावी. बोअरच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात. थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर ठेवला तर ते कमी बसतात. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवला तर त्यात वेळेवर मीठ टाकणारा माणूस नेमून द्यावा, नाहीतर तो नुसता टाकीसारखा उभा राहतो.

रंगीत थीम-चादरींना ब्लीच चालत नाही, डाग तसेच राहतात. चादरी पांढऱ्याच ठेवा, रंग पलंगाच्या पायथ्याशी अंथरायच्या पट्टीत आणा. 20 पलंगांना 60 चादरी लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात.

करारात नूतनीकरणाचा खर्च कोणाचा आणि मुदतीआधी बाहेर पडल्यास दंड किती, हे आधी वाचावे. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, गेले. म्हणजे टाइल्स आणि एसीवर भरलेला 18 टक्के कर मालकाच्याच अंगावर पडतो. अनेक अंदाजपत्रकांत हा आकडा नसतो.

थीमच हवी असेल तर अजिंठ्याची फ्लेक्सवर छापलेली चित्रे नकोत, खरी लेणी तासा-दीड तासावर आहेत. हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी द्या, स्वागताची पाटी अहिराणीत लिहा. आणि अजिंठ्याला निघालेला परदेशी पाहुणा 'आमच्याकडे चालत नाही' म्हणून परत पाठवू नका. त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) पाहुणा आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन भरायचा असतो; पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत हाताशी असली की रिसेप्शनवरचा मुलगाही तो भरू शकतो.

– हॉटेल देखभाल क्षेत्रातील वाचक, भुसावळ