मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: मार्गदर्शक नाही, सबब प्रवेश नाही

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मराठवाड्यात राज्यशास्त्राच्या पीएच.डी.साठी मार्गदर्शक नसणे आणि रखडलेली प्राध्यापक भरती.

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी पीएच.डी. प्रवेशाची यादी लागली. राज्यशास्त्राच्या पात्र उमेदवारांत माझं नाव आहे. गुण आहेत, मुलाखत झालेली आहे, कागदपत्रं तपासलेली आहेत. शेवटच्या रकान्यात शेरा आहे: 'मार्गदर्शक उपलब्ध नाही, सबब प्रवेश देता येत नाही.' विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कारकुनानं किंवा विभागप्रमुखांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. त्यांच्याकडे माणसंच नाहीत, आणि ती का नाहीत याचं उत्तर मंत्रालयात आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

हा शेरा कसा तयार होतो ते आधी सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक विद्यार्थी असू शकतात. मार्गदर्शक कायम सेवेतला लागतो. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. एकेका गाइडच्या नावावर विद्यार्थ्यांची रांग लागायची आणि प्रबंध कोण वाचायचं ते देव जाणे, ते दिवस मला परत नकोत. पण एक जण निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा येतो, हे धरूनच असा नियम केलेला असतो. आमच्याकडे जागा रिकामी होते आणि रिकामीच राहते. उरलेले सर निवृत्तीला टेकलेले, आणि वर्ग चालवतात ते तासिका तत्त्वावरचे लोक. त्यांच्यातले कितीतरी स्वतः पीएच.डी. आहेत, नेट-सेट या पात्रता परीक्षा पास आहेत. कायम नाहीत म्हणून त्यांना मार्गदर्शक होता येत नाही. एम.ए.च्या पोरांना प्लेटोपासून रॉल्सपर्यंत सगळं त्यांनीच शिकवायचं, आणि संशोधनाचं नाव निघालं की त्यांनी बाजूला व्हायचं.

त्यात नेट. जून २०२४ पासून जेआरएफ (केंद्राची संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांच्या पीएच.डी. प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आलं. हे गुण फक्त एक वर्ष चालतात. माझं वर्ष या यादीबरोबर संपलं. मी आता पुन्हा परीक्षा द्यायची: दीडशे प्रश्न, तीनशे गुण, तीन तास, आणि प्रश्नपत्रिका हिंदी नाहीतर इंग्रजीत. बी.ए., एम.ए. दोन्ही मराठीत केलेल्या मुलीनं आपल्याच राज्याचं, आपल्याच घटनेचं ज्ञान परक्या भाषेत सिद्ध करायचं, तेही मी केलं. १८ जून २०२४ ला नऊ लाखांहून अधिक मुलांनी जी परीक्षा दिली आणि १९ तारखेला केंद्रानं जी रद्द करून टाकली, तिलाही मी बसले होते. तेव्हा पेपर फुटल्याचा संशय आमच्यामुळे आला नव्हता. आज जागा आम्ही रिकाम्या ठेवलेल्या नाहीत. दोन्ही वेळा भोगायचं मात्र आम्हीच.

साहेब, भरतीचं म्हणाल तर मी एम.ए.ला प्रवेश घेतला त्याच्या आधीपासून 'लवकरच' ऐकते आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३५८० जागांचा शासन निर्णय निघाला. मग करोना आला आणि भरती थांबली. २०२१ मध्ये उरलेल्या २०८८ जागांना परवानगी आली. २०२५ मध्ये साडेपाच हजार सहायक प्राध्यापकांची घोषणा झाली, पेढे वाटले गेले, आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फलक फिरले. माझ्या सरांच्या निवृत्तीनंतरची खुर्ची अजून तशीच आहे, तिच्यावर विभागातल्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेत. वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला याचा तक्ता), आचारसंहिता, न्यायालय, निवड समितीचं कोष्टक, पुन्हा बिंदुनामावली. दर वेळी अडकायला काहीतरी नवीन सापडतंच. आमदारांच्या निवडणुकीची तारीख कधी अशी अडकलेली मी तरी पाहिली नाही.

मी माजलगाव तालुक्यातली. एका विनाअनुदानित पदव्युत्तर वर्गावर राजकीय सिद्धांत शिकवते, तासाच्या हिशोबानं. दिवाळीआधीच्या तासांचे पैसे अजून आलेले नाहीत. सुट्टी लागली की हिशोब थांबतो, परीक्षेच्या काळात थांबतो, आणि संस्थाचालकांना विचारलं की 'मॅडम, मुलंच नाहीत हो' हे ठरलेलं उत्तर. घरची तीन एकर कोरडवाहू. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा नदीला पूर आला तेव्हा काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच उगवलं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, त्या वर्षी मला एकदाही 'पुरे झालं आता शिकणं' असं म्हटलं नाही. भावकीनं म्हटलं, मामानं म्हटलं, शेजारणींनी आईला गाठून म्हटलं. अण्णा गप्प राहिले आणि नेटच्या फॉर्मचे पैसे काढून दिले. यादी लागली त्या संध्याकाळी मी त्यांना 'गाइड नाही' म्हणजे काय ते समजावत होते. त्यांनी शेवटी विचारलं, 'मग फॉर्म कशाला भरून घेतला?' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडे असेल तर त्यांना कळवा.

मुलाखतीबद्दलही लिहिते, कारण दुखणं तिथेही आहे. माझा विषय आहे प्रादेशिक न्याय: मराठवाडा-विदर्भाच्या समतोल विकासाची तरतूद करणाऱ्या घटनेच्या कलम ३७१(२) कडे एक सामाजिक करार म्हणून पाहता येतं का. समितीतले एक सर सज्जनपणे म्हणाले, 'थिअरी कशाला घेता? तालुक्यातल्या ग्रामपंचायती घ्या, प्रश्नावली भरून घ्या, दोन वर्षांत मोकळ्या व्हाल.' ते माझ्या भल्याचंच बोलत होते. आमच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटासमोर उभं राहिलं की जाडजूड काळ्या पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरांत तेच दिसतं: अमुक तालुक्यातील महिला सरपंचांची भूमिका, एक चिकित्सक अभ्यास, तमुक जिल्ह्यातील पंचायत राज, एक चिकित्सक अभ्यास. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सिद्धांत शिकवणारा, त्यावर वाद घालणारा मार्गदर्शकच उरला नाही तर पोरं दुसरं काय करणार? न्याय म्हणजे काय हा प्रश्न दिल्ली-पुण्यानं विचारायचा आणि मराठवाड्यानं प्रश्नावल्या भरून द्यायच्या, ही वाटणी कुणी केली?

आणि हा प्रश्न आमच्याइतका रोज कुणाच्या अंगावर येतो? १९४८ पर्यंत इथे जबाबदार राज्यपद्धती नव्हती, ती मागणाऱ्यांना निजामानं तुरुंगात घातलं. आम्हाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या वर्षांत घरं जळाली, माणसं मेली. गेली काही वर्षं आरक्षणावरून आमच्या जिल्ह्यात काय चाललंय ते आपण टीव्हीवर पाहिलंय, आम्ही त्यात राहतो. हॉटेलात चहाला कुणी कुणाशेजारी बसायचं इथपर्यंत ते पोहोचलं.

२ सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात एका बाकावर मराठा आंदोलनासाठी आंतरवाली सराटीला जाऊन आलेला मुलगा होता आणि भिंतीकडच्या बाकावर ओबीसी मोर्चातला. मी त्या दिवशी ठरलेला धडा सोडला नाही. अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्सनं १९७१ साली मांडलं होतं की विषमता चालेल, पण सगळ्यात खालच्याचं त्यात भलं होत असेल तरच. फळ्यावर तेवढंच लिहिलं आणि विचारलं, आपल्या तालुक्यात सगळ्यात खाली कोण आहे? पहिली दहा मिनिटं आवाज चढले. मग मागून ऊसतोड कामगारांच्या घरातली एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, दोघंही आपापल्या जातीतला गरीब दाखवतायत. माझ्या आईला कोपीवर, ऊसतोडीच्या झोपडीत, बाळंत व्हावं लागलं, ती कुणाच्या यादीत येते?' वर्ग एकदम वेगळ्या वाटेला लागला. सराटीला जाऊन आलेला मुलगाच तिला विचारू लागला की कारखान्यावर दवाखाना असतो का. त्यानंतर तासभर मागासपण जातीनं मोजायचं, जमिनीनं मोजायचं की अंगावर पडणाऱ्या कष्टानं, यावर जे बोलणं झालं तसं मी विधानसभेतही ऐकलेलं नाही. त्या दोघांची मैत्री झाली असं मी सांगणार नाही. पण तासभर कुणी कुणाची जात काढली नाही.

तो वर्ग पुढच्या वर्षी बंद होतोय. पटसंख्या नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं कार्यप्रशिक्षण आहे. शहरातल्या मुलांना कुठेतरी संस्था, वर्तमानपत्रं मिळत असतील. आमची मुलं ग्रामपंचायतीचा शिक्का मारून आणतात, कारण तालुक्यात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला बसवून घेईल असं दुसरं ठिकाण नाही. धोरण लिहिणाऱ्यांनी आमच्या तालुक्याचा बसस्टँड तरी पाहिला होता का?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आपल्याच सरकारच्या बाकावरून विचारलं गेलं होतं की ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार. तो प्रश्न मला अजून टोचतो. ज्या सभागृहात तो विचारला गेला ते सभागृह कोणत्या अधिकारानं कायदे करतं, लोकांनी त्याची आज्ञा का पाळायची, आणि सत्ता वचन मोडते तेव्हा लोकांनी काय करायचं, याचाच अभ्यास आम्ही करतो. इंग्लिश विचारवंत जॉन लॉकनं सत्तेला विश्वासानं सोपवलेली ठेव म्हटलं. ठेव बुडाली की ती परत मागण्याचा हक्क येतो.

आमची ठेव कोणती ते सांगते. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा-विदर्भाला निधीत, नोकऱ्यांत, शिक्षणाच्या सोयींत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं वचन होतं. १९५६ साली मराठवाडा बिनशर्त आला. त्या वचनातलं थोडं कलम ३७१(२) मध्ये उतरलं: विकास मंडळं, निधीचं समन्यायी वाटप, तंत्रशिक्षणाच्या आणि राज्य सेवेतल्या रोजगाराच्या पुरेशा संधी. १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमून अनुशेष मोजला. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ साली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये संभाजीनगरात अख्खं मंत्रिमंडळ बसलं, हजारो कोटींची घोषणा झाली. रस्ते, पाणी, स्मारकं सगळं त्यात होतं. विद्यापीठाच्या विभागात शिकवायला माणूस देऊ, हे एक वाक्य मला त्यात सापडलं नाही. दांडेकरांनी सिंचन मोजलं, रस्ते मोजले, शाळा मोजल्या. विचार करणाऱ्या माणसांचा अनुशेष कुणी मोजायचा? तोच मला मोजायचा होता, साहेब. माझा आराखडा त्यावरच होता.

मागण्या मोठ्या नाहीत. जाहीर केलेल्या साडेपाच हजार जागांतल्या राज्यशास्त्राच्या किती, मराठवाड्यात किती, आणि नेमणुकीचं पत्र कोणत्या महिन्यात, हे लेखी सांगा. मार्गदर्शक नाही म्हणून ज्यांचा प्रवेश अडला त्यांचे नेटचे गुण आणखी एक वर्ष धरावेत यासाठी राज्यानं केंद्राला पत्र लिहावं. लिहिलं असेल तर त्याची प्रत प्रसिद्ध करावी. शेजारच्या विद्यापीठांतले, अनुदानित महाविद्यालयांतले मान्यताप्राप्त मार्गदर्शक आमच्यासाठी खुले करावेत, विद्यापीठांच्या हद्दी त्याआड येऊ देऊ नयेत. आणि पटसंख्येचं कारण सांगून तालुक्याच्या ठिकाणचे एम.ए.चे वर्ग बंद करण्याआधी तिथे कायम शिक्षक किती वर्षं नव्हता, हे एकदा तपासावं. शिक्षक नाही म्हणून मुलं येत नाहीत आणि मुलं नाहीत म्हणून शिक्षक देत नाही, यात आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या.

हे सगळं लगेच होणार नाही हे मला कळतं. पण अर्ज मागवण्याआधी प्रत्येक संशोधन केंद्रावर कोणत्या मार्गदर्शकाकडे किती जागा रिकाम्या आहेत, ही यादी संकेतस्थळावर लावायला सांगणं आपल्या हातात आहे. त्याला वित्त विभागाची मान्यता लागत नाही. पुढची जाहिरात निघण्याआधी तेवढा आदेश काढा, म्हणजे जिथे माणूसच नाही तिथे आमच्या आईबापांचे पैसे भरून घेतले जाणार नाहीत.

आपली,
राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी व तासिका तत्त्वावरील शिक्षिका,
ता. माजलगाव, जि. बीड